बाजार खुला, पण कोणासाठी?

जुलै १९९१ पासून 'खुला बाजार' हा शब्द आपण ऐकतो आहोत. पारावर त्यावरून दोन तट पडतात. एक म्हणतो, सरकारने हात काढला की भाव मिळेल. दुसरा म्हणतो, हात काढला तर व्यापारी गिळून टाकेल. माझं म्हणणं एवढंच, की दोघांनीही आधी कांद्याचा हिशेब मांडावा.

१९ ऑगस्ट २०२३ रोजी कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ ला दार उघडलं, पण टनाला किमान ५५० डॉलर दर आणि ४० टक्के शुल्क या दोन अटी ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान दराची अट गेली व शुल्क २० टक्के झालं. १ एप्रिल २०२५ ला तेही उठलं. औषध, बियाणं, डिझेल आपण बाजारभावाने घ्यायचं आणि कांदा चढला की दार बंद! याला खुला बाजार कसं म्हणायचं?

भाव कोसळला तेव्हा, २०२३ साली, राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं हे खरं. पण ते सातबाऱ्यावर मिळालं. खळ्यावर कांदा निवडणाऱ्या, गोण्या भरणाऱ्या बाईच्या नावावर सातबारा कुठला? निर्यात थांबली की तिचा रोज बुडतो, आणि भरपाईच्या यादीत तिचं नाव नसतं.

मग नियमच नकोत का? तसं नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्य निर्वाह निधी आला. त्याने बाजार बंद पडले नाहीत. २०१६ मध्ये फळं, भाजीपाला, कांदा-बटाट्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर गेली, तरी लिलाव चालूच राहिले. नियम दुबळ्याच्या बाजूचा असला म्हणजे व्यापार मरतो, ही नुसती भीती आहे.

थोडं आपल्याकडेही बघू. आपण उत्पादन खर्चावर भाव मागतो, तो रास्तच आहे. पण कांदा काढणीला आलेल्या बाईला गड्यापेक्षा कमी रोज देताना तिचा खर्च कोण मांडतो? समान कामाला समान मजुरी हे १९७६ सालीच कायद्यात लिहिलं गेलं.

तेव्हा सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती, की येत्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या. निर्यातीचं धोरण उन्हाळ कांद्याचं रोप टाकण्याआधी जाहीर व्हावं आणि हंगामात बदलू नये. नुकसानभरपाईत मजुरांचाही विचार व्हावा. शेतमजुरीचा किमान दर पंचायतीच्या फळ्यावर लिहिला जावा. पहिले दोन ठराव वर पाठवावे लागतील; तिसऱ्याला खडूचा एक तुकडा पुरे.