पूररेषा चावडीवर लावा

कोलंबियातील नेवादो देल रुईझ या हिमाच्छादित ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा ऑक्टोबर १९८५ मध्येच सिद्ध झाला असूनही, १३ नोव्हेंबरच्या रात्री वितळलेल्या बर्फाचा चिखललोट आर्मेरो नगरावर कोसळून त्या नगरासह परिसरातील सुमारे २३,००० माणसे प्राणांस मुकली, कारण कागदावरचे ज्ञान वेळीच हुकमात उतरले नाही. आपल्याकडेही सप्टेंबर २०१९ मध्ये नाझरे धरणातून सुटलेल्या पाण्याने कऱ्हा नदीला पूर आला व हजारो बारामतीकरांना घरे सोडावी लागली. अशा पुरांसाठी २५ वर्षांतील महत्तम पुराची निळी आणि १०० वर्षांतील पुराची लाल रेषा सरकारी दप्तरात आखली जाते. परंतु कऱ्हा, नीरा व भीमेच्या काठच्या बारामती-इंदापूर तालुक्यांतील प्रत्येक चावडीवर या रेषा स्थलांतराच्या वाटेसह रयतेच्या नजरेस पडतील, आणि बांधकाम परवाना देताना अंमलदार त्यांच्यापुढे कोणाचाही मुलाहिजा राखणार नाहीत, तेव्हाच ती आखणी सार्थ ठरेल.