ओसरीवरचा पांढरा राखणदार

पेडणे-डिचोलीकडे ओसरीवर दिसणाऱ्या पांढऱ्या, झुबकेदार शेपटीच्या कुत्र्याला आपण ‘पॉमेरेनियन’ म्हणतो. खरा पॉमेरेनियन जेमतेम तीन किलोंचा. आपला हा बहुधा इंडियन स्पिट्झ. ब्रिटिश काळात युरोपातून आलेल्या स्पिट्झचा हा वंश इथल्या उन्हापावसात रुळला. १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी याच जातीचा! अंगाने लहान, पण कान तिखट. अंगणात पाऊल वाजलं की भुंकून घर डोक्यावर घेतो. त्याची राखण दातांत नाही, आवाजात आहे. मुलांनो, आपल्या दमट हवेत हस्कीचा हट्ट धरण्याआधी याचा विचार करा. आणि २०२१मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला, तरी दरवर्षीची लस चुकवू नका.