आधी कार डायरी भरा, मग डिझेलची चावी घ्या

"फौजी माणसाला डिझेलच शोभतं." हे वाक्य मी युनिटच्या लंगरमध्ये ऐकलंय, सुट्टीच्या रेल्वेत ऐकलंय, गावच्या पारावरही ऐकलंय. ईएमईत वीस वर्षं गाड्यांच्या पोटात हात घालून झाल्यावर आज भटिंड्यातून लिहितो आहे. हे वाक्य खोटं आहे. आणि ते खरं मानून आपली माणसं पेन्शनच्या विक्रीचे पैसे घालवतायत, म्हणून मला राग आहे.

गेल्या महिन्यात फलटणहून फोन आला. माझे जुने उस्ताद. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, कम्युटेशनचे पैसे हातात आले आणि त्यांनी २०२१ ची एक सेकंडहँड डिझेल मोटार घेतली. विकणाऱ्याने सांगितलं, "साहेब, फक्त अठ्ठावीस हजार चाललीय, घरगुती वापर." उस्ताद खूश. आता फोनवर म्हणाले, "अरे, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, गाडी ओढत नाही. पहिल्याच वर्षी गॅरेजचं बिल सत्तावीस हजार झालं. आता मेकॅनिक म्हणतो, तो फिल्टरच काढून टाकू."

मी विचारलं, "उस्ताद, गाडी जाते कुठे?"

सकाळी डेअरी, दीड किलोमीटर. मग नातवाची शाळा, दोन किलोमीटर. संध्याकाळी बाजार. महिन्यातून एकदा साताऱ्याला, कॅन्टीन आणि ईसीएचएस. सगळं धरून वर्षाला साडेचार हजार किलोमीटर.

दोष गाडीचा नव्हता. चुकीच्या कामावर तिची ड्युटी लागली होती.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींत धुराच्या नळीत एक फिल्टर असतो, डीपीएफ. तो काजळी अडवतो, आणि साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो. ती जळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, मोकळ्या रस्त्यावर पळायला हवी. उस्तादांची गाडी डेअरीला पोचते तेव्हा इंजिन नीट तापलेलंसुद्धा नसतं. सफाई सुरू होते, तोवर चावी बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. सफाईसाठी सोडलेलं जादा डिझेल न जळता खाली उतरतं आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं, डिपस्टिकवर पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. साताऱ्याची महिन्यातली एक फेरी हे सगळं भरून काढत नाही.

डिझेलला ऊब लागते, हे लेहमध्ये नोकरी केलेल्याला शिकवावं लागत नाही. तिथे ट्रकवाले टाकीखाली शेगडी पेटवत. २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. पण आपला ट्रक एकदा तापला की कॉन्व्हॉयमध्ये दिवसभर चालायचा. म्हणून तो डिझेल. आणि ज्या जिप्सीवर आपण सगळे जीव टाकत होतो, ती पेट्रोल होती. फौजेनं कामाप्रमाणे इंजिन निवडलं होतं. घरी आल्यावर आपण मात्र रुबाबाप्रमाणे निवडतो.

"पण डिझेल स्वस्त पडतं ना?" हा हिशेब जुना आहे. २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे तीस रुपयांच्या घरात फरक होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० धरा, फरक उरतो १४ रुपये. पेट्रोल गाडी लिटरला १५ आणि डिझेल १८ किलोमीटर देते असं धरलं, तर उस्तादांच्या साडेचार हजार किलोमीटरवर वर्षाची बचत होते ८,७०० रुपये. गॅरेजच्या एका बिलात तीन वर्षांची बचत गेली. हीच गाडी वर्षाला वीस हजार किलोमीटर पळाली असती, तर बचत अडतीस हजारांच्या पुढे गेली असती आणि फिल्टरही साफ राहिला असता.

म्हणून मी डिझेलच्या विरोधात नाही. ज्याची शेती एका तालुक्यात आणि दुकान दुसऱ्या, जो रोज साठ-सत्तर किलोमीटर महामार्ग तुडवतो, भरल्या गाडीनं घाट चढतो, त्यानं डिझेल जरूर घ्यावी. घाटात डिझेलच्या ओढीला तोड नाही. माझा विरोध आहे तो स्वतःची वाट न मोजता गाडी घेण्याला.

आणि विकणाऱ्यांच्या दोन गोड वाक्यांना.

पहिलं: "गाडी कमी चाललीय." पेट्रोलसाठी ही तारीफ असेल. बीएस-६ डिझेलसाठी ही शंकेची जागा आहे. चार वर्षांत अठ्ठावीस हजार म्हणजे दिवसाला वीस किलोमीटरही नाहीत. आधीच्या मालकानंही ती डेअरीलाच नेली असणार. यापेक्षा महामार्गावर ऐंशी हजार पळालेली आणि सर्व्हिसचा पूर्ण कागद असलेली गाडी मी डोळे झाकून नाही, पण आधी बघेन.

दुसरं: "दिल्लीची गाडी आहे, म्हणून स्वस्त." दिल्लीत पोस्टिंग असलेले जवान या सापळ्यात हमखास अडकतात. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढेही आदेश बदलत राहिले. बाजारानं मात्र भाव पाडले ते पाडलेच. ती गाडी महाराष्ट्रात आणायची तर एनओसी, इथला कर आणि आरटीओच्या फेऱ्या. स्वस्ताई वाटेतच संपते.

राहिला मेकॅनिकचा सल्ला, फिल्टर काढून टाकण्याचा. उस्तादांना मी स्पष्ट "नाही" म्हटलं. ते बेकायदा आहे. आणि ती काजळी मग जाईल कुठे? शाळेच्या फाटकाशी, नातवाच्याच नाकात. वर्दी उतरली म्हणून शिस्त उतरत नाही.

मग करायचं काय? आपल्या एमटीत गाडी फाटकाबाहेर पडायच्या आधी कार डायरी भरली जायची. कुठून, कुठे, किती किलोमीटर, कोणत्या कामाला, खाली सही. गाडी घ्यायच्या आधी एक महिना तीच डायरी घरी भरा. स्कूटर, एसटी, मेहुण्याची गाडी, ज्यानं जाल ती प्रत्येक फेरी लिहा. महिना संपला की दोनच गोष्टी बघा. एकूण किलोमीटर हजाराच्या वर गेले का? आणि आठवड्यातून निदान एकदा अर्धा तास सलग मोकळ्या रस्त्यावर पळणं होतं का? दोन्हींना "हो" असेल तर डिझेल बघायला जा. एकालाही "नाही" असेल तर पेट्रोल घ्या आणि निवांत झोपा.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवा, गरम लागला तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू होऊ दे. डिपस्टिक काढा, पातळी खुणेच्या वर असेल किंवा डिझेलचा वास आला तर नमस्कार करून निघा. स्कॅनर लावून फिल्टरमध्ये किती काजळी आहे ते बघा.

उस्तादांची गाडी आता विकायला काढलीय. घ्यायला आलेला माणूस रोज फलटण-पुणे करतो. मी उस्तादांना म्हटलं, त्याला सगळं खरं सांगा, बिलंही दाखवा. त्यांनी दाखवली. दहा हजार कमी आले, पण गाडी योग्य ड्युटीवर गेली.

मला "कोणती गाडी घेऊ?" म्हणून फोन करणाऱ्यांना एकच विनंती. आधी डायरीचं पान पाठवा.

जय हिंद.