एकाच नावाचे दोन भाग

आमच्या गल्लीत एकाच नावाचे तीन शेख आहेत. पोस्टमन वडिलांचं नाव विचारतो, तरी कधीकधी पत्र चुकतंच. माणूस निदान दार वाजवून विचारतो. कॉम्प्युटर विचारत नाही.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी कॅडचं काम करत होतो. बुशची एक मूळ फाइल होती, तिच्यात मापांचा तक्ता, आणि तक्त्यातल्या प्रत्येक ओळीची वेगळी फाइल निघायची. एका ग्राहकासाठी 'बुश २५' झाली. काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाच्या फोल्डरमध्ये आणखी एक 'बुश २५' झाली. बोअर तोच, लांबी वेगळी. असेंब्लीने नाव जुळलं म्हणून जुनी फाइल उचलली, तिचंच ड्रॉइंग छापलं गेलं आणि अख्खा लॉट वाया गेला. बोलणी कुणी खाल्ली? लेथवरच्या पोराने. त्याने तर कागदावर होतं तेच कापलं होतं.

हा दोष त्याचा नव्हता, नाव देणाऱ्यांचा होता. म्हणजे माझाही.

सॉलिडवर्क्समध्ये अनेक मापं एकाच फाइलमध्ये कॉन्फिगरेशन म्हणून राहू शकतात. इन्व्हेंटरच्या आयपार्टमध्ये मात्र प्रत्येक मापाची स्वतंत्र फाइल पडते, आणि घोळ तिथे सुरू होतो. व्हॉल्टमध्ये एकच नाव दोनदा येऊ न देण्याची सेटिंग आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करावी. हजारो फाइली साठल्यावर केली, तर आधी जुनी जुळी नावं निस्तरत बसावं लागतं.

पण खरा प्रश्न नावात काय असावं हा आहे. माझं मत स्पष्ट आहे: फक्त अनुक्रमांक. माप, ग्राहक, धातू यांपैकी काहीही नको. पॅनमधलं पाचवं अक्षर आडनावाचं असतं. लग्नानंतर आडनाव बदललं तरी ते जुनंच राहतं. आधारच्या १२ आकड्यांत मात्र जात, धर्म, जिल्हा काहीच नाही, म्हणून माणसाचं काही बदललं तरी नंबर खोटा ठरत नाही. भागाचंही तसंच. उद्या २५ चा बोअर २६ झाला, तर 'बुश २५' हे नाव खोटं बोलू लागतं.

"मग भाग शोधायचा कसा?" असं जुने कारागीर विचारतात. बरोबर आहे. माप, धातू, ग्राहक हे सगळं फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये भरा, शोध तिथून घ्या. तक्त्यात नवी ओळ टाकतानाच तिच्यासमोर नवा नंबर लिहा, फाइल काढल्यावर नव्हे.

महागडं सॉफ्टवेअर परवडत नसेल तर एक साधी वही पुरे, फक्त नंबर देणारा माणूस एकच हवा. ही शिस्त ऑफिसने पाळली नाही, तर तिची किंमत मशीनवरचा पोरगा मोजतो.