आजारी कुत्रे कोणी सांभाळायचे?

‘दत्तक’ हा शब्द आपल्या घराण्यांना कोणी शिकवावा लागत नाही. ग्वाल्हेरला १८४३ साली जयाजीराव दत्तक आले, इंदूरला १८४४ साली दुसरे तुकोजीराव आले, आणि बडोद्याला १८७५ साली जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतले म्हणून सयाजीराव महाराज त्या राज्याला लाभले. या दत्तकविधानांमागचा हेतू उघड होता. गादी चालली पाहिजे. तेव्हा मुलगा कुळातला हवा, निरोगी हवा, कोवळ्या वयाचा हवा. राज्यापुरता हा विचार योग्यच होता. परंतु अलीकडे आपल्या वस्त्यांतून कुत्रे ‘दत्तक’ घेण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यातही लोक तोच कित्ता गिरवताना दिसतात. पिल्लू दोन महिन्यांचेच हवे, अंगावर डाग नको, शक्य तर नर हवा, आणि ‘जात’ कोणती ते आधी सांगा! त्या बिचाऱ्याला कोणती गादी चालवायची आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

प्राण्यांच्या निवाऱ्यातून कुत्रे आणणे याला दत्तक म्हणणेच मुळात चुकीचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याला आपल्याकडे साधा शब्द आहे, सांभाळ. सांभाळायचे ते ज्याला सांभाळण्याची गरज आहे त्याला. निवाऱ्यातल्या शंभर कुत्र्यांत ही गरज सर्वांत जास्त कोणाला असते? गुबगुबीत पिल्लाला नव्हे, ते कोणीही उचलून नेते. ती असते तीन पायांच्या, आकडी येणाऱ्या, एका डोळ्याने अधू, सहा-सात वर्षांच्या गावठी कुत्र्याला. आणि नेमके त्यालाच पाहायला कोणी जात नाही.

निवाऱ्याचा व्यवहार कसा चालतो हे ज्यांनी आतून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी प्रथम २००१ चे आणि आता २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आहेत. त्यांनुसार कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि त्याला होते तेथे परत सोडायचे. म्हणजे धडधाकट कुत्रे निवाऱ्यात फार दिवस राहतच नाही. राहते ते कोण? मोटारीखाली पाय गेलेले, आंधळे झालेले, रोज गोळी लागणारे. त्याला रस्त्यावर सोडले तर आठवड्यात ते मरेल, म्हणून ते पिंजऱ्यात राहते आणि वर्षानुवर्षे राहते. एकेक पिंजरा असा अडत जातो; मग रात्री अपघातात सापडलेले नवे कुत्रे घेऊन कोणी दाराशी आला तर “जागा नाही” हे उत्तर मिळते. तेव्हा पिल्लू नेणारा एक पिल्लू नेतो, पण आजारी कुत्रे नेणारा एक पिंजरा मोकळा करतो. हा हिशोब समजायला फार विद्वत्ता लागत नाही.

त्यातून २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात या विषयाला जे वळण लागले ते वाचकांना ठाऊक असेलच. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यात डांबण्याचा आदेश झाला, २२ ऑगस्टला तो सौम्य केला गेला, आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातून उचललेली कुत्री परत तेथे सोडू नयेत असे सांगण्यात आले. या आदेशांच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्याची ही जागा नव्हे. चावा घेतलेल्या मुलाच्या आईचा राग खोटा नसतो. पण परत न सोडलेले प्रत्येक कुत्रे कुठे तरी ठेवावे लागणार, आणि आधीच भरलेल्या निवाऱ्यात त्याची जागा आजाऱ्याच्या जागेतूनच काढली जाणार, हे तरी मान्य करावे लागेल. गर्दीच्या निवाऱ्यात पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांची लागण झपाट्याने होते. मोडलेल्या पायासाठी आणलेले पिल्लू पाय बरा होण्याआधी पार्व्होने जाते. ज्याची प्रकृती मुळातच नाजूक, त्याला निवारा मानवत नाही. त्याला घरच हवे.

आता ‘आजारी’ या शब्दाकडे वळू. हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे लाळ गाळणारे, दुर्गंधी येणारे, मरणपंथाला लागलेले जनावर उभे राहते. वस्तुस्थिती अशी की यांतले अनेक आजार नावाने भयंकर आणि सांभाळायला सोपे असतात. लिंगाजवळ रक्त गळणारी गाठ असलेली कुत्री रस्त्यावर सर्रास दिसतात. तो कर्करोगाचाच एक प्रकार आहे आणि एका कुत्र्यापासून दुसऱ्याला होतो, पण व्हिन्क्रिस्टीनची इंजेक्शने आठवड्याला एक याप्रमाणे काही आठवडे दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. केस गेलेल्या कुत्र्याला खरूज म्हणून सगळे दूर ढकलतात. तिचा एक प्रकार माणसाला लागतो व उपचाराने बरा होतो, दुसरा तर माणसाला लागतच नाही. गोचिडापासून होणाऱ्या एका तापाला साधारण चार आठवडे डॉक्सिसायक्लिन द्यावे लागते. डिस्टेंपरमधून वाचलेल्या कुत्र्याचा एखादा पाय किंवा जबडा जन्मभर थडथडत राहतो; पाहणाऱ्याला ते विचित्र वाटते, पण त्या कुत्र्यापासून घरातल्या माणसांना धोका नसतो. तीन पायांचे कुत्रे जिने चढते. आंधळे कुत्रे आठवडाभरात घर वासाने पाठ करते. खुर्च्या-टेबले मात्र वरचेवर हलवू नयेत.

आकडीविषयी अधिक लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत मोठा अन्याय तेथे होतो. आमच्या शहराबाहेरच्या एका निवाऱ्यात एक तांबूस कुत्री आहे, वय पाचेक वर्षे, स्वभावाने इतकी शांत की नखे कापतानाही हूं की चूं करत नाही. तिला फेफरे येते. दोन वर्षांत ती तीन घरी गेली आणि तिन्ही घरांतून परत आली. पहिल्या घरी पहिल्याच रात्री आकडी आली आणि ‘पिसाळली’ म्हणून तिला काठीने अंगणाबाहेर काढले. पिसाळलेले कुत्रे लक्षणे दिसू लागल्यावर सहसा दहा दिवसांच्या आत मरते. जी दोन वर्षे जगते आहे, उठून पाणी पिते आहे, ती पिसाळलेली कशी असेल, एवढा विचार त्या सुशिक्षित घरात कोणी केला नाही. दुसऱ्या घरी गोळ्या चालू होत्या. दोन महिने आकडी आली नाही, म्हणून ‘बरी झाली’ असे समजून त्या एकदम बंद केल्या गेल्या. हे औषध एकाएकी थांबवले की आकड्या उसळून येतात. तिसऱ्या घरच्यांचा मुलगा परदेशी होता. त्याच्याकडे जायचे ठरले आणि कुत्रीला निवाऱ्याच्या फाटकाला बांधून, न बोलता, मंडळी निघून गेली. मुंबईच्या विमानात ती वेळेवर बसली असतील.

वास्तविक या आजाराला लागते काय? फेनोबार्बिटोनची गोळी, बारा तासांच्या अंतराने, दिवसातून दोनदा. औषध महाग नाही, मात्र त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. सहा महिन्यांनी रक्ताची तपासणी करून यकृत ठीक आहे ना ते पाहायचे. सुरुवातीला कुत्रे झोपाळू होते, भूक व तहान वाढते. आकडी आली तर आजूबाजूचे सामान बाजूला करायचे, दिवा मंद करायचा, तोंडात हात किंवा चमचा घालायचा नाही आणि घड्याळ पाहायचे. एक-दोन मिनिटांत बहुधा ती ओसरते. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यायचे. आपल्या घरांत रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे लावलेले असतात. त्यात आणखी एका खणाची भर, यापेक्षा अधिक काही नाही.

म्हणूनच आपली घरे या कामाला योग्य आहेत असे मी म्हणतो. मुले पुण्याला, बंगळूरला, न्यू जर्सीला. लष्करातल्या किंवा जुन्या इंदुरातल्या वाड्यात, शहापूरच्या घरात, दांडिया बाजारच्या माडीवर दोन माणसे उरलेली. दोघे दिवसभर घरी, दोघांना वेळेवर गोळी घेण्याची सवय. “आमचे आता वय झाले, कुत्रे आमच्या मागे राहिले तर?” हा त्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याची थट्टा करू नये. पण हाच प्रश्न पिल्लू आणताना का पडत नाही? पिल्लू बारा-चौदा वर्षे जगेल, पहिली दोन वर्षे चपला फाडील आणि सत्तरीतल्या माणसाला दोरीसकट ओढील. आठ वर्षांचे, मंद चालीचे, हृदय किंवा मूत्रपिंड थोडे कमजोर असलेले कुत्रे त्यांच्या चालीने चालते. वयाचा मुद्दा आजारी व प्रौढ कुत्र्याच्या बाजूचा आहे, विरुद्धचा नाही. बरे, ‘सोसायटीत चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे २६ फेब्रुवारी २०१५ चे परिपत्रक आपल्या चिटणिसांना दाखवावे. पाळीव कुत्र्यावर सोसायटीला बहुमतानेही बंदी घालता येत नाही, असे त्यात आहे.

राहिला आपल्या सांस्कृतिक अभिमानाचा प्रश्न. महाप्रस्थानिक पर्वातील युधिष्ठिराचा कुत्रा आपल्या व्याख्यानमालांतून वर्षाला एकदा तरी स्वर्गाच्या दारापर्यंत जातो. थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्याची समाधी संगम माहुलीला आहे, हे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. रायगडावरच्या वाघ्याच्या स्मारकाला होळकरांनी पैसा दिल्याचे सांगतात, म्हणून २०१२ साली तो पुतळा हलवला गेला तेव्हा आणि २०२५ साली वाद पुन्हा उठला तेव्हा इंदुरात हिरिरीने चर्चा झाल्या. वाघ्या ऐतिहासिक की काल्पनिक, हे इतिहासकार ठरवतील. दगडी कुत्र्यासाठी एवढा घसा कोरडा करणाऱ्यांपैकी किती जणांच्या ओट्यावर जिवंत गावठी कुत्रे बसते, एवढेच मला विचारायचे आहे. ओट्यावर असते ते हस्की, बर्फात धावण्यासाठी घडवलेले, मे महिन्यात बेचाळीस अंशांत धापा टाकणारे.

निवारे चालवणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. त्यांची पत्रके वधूवर सूचक मंडळाच्या जाहिरातींसारखी असतात: ‘गोंडस, प्रेमळ, सर्व लसी पूर्ण’. आकडीचा उल्लेख नाही. विचारले तर “कधीमधी थोडे होते”. व्यंग लपवून जमवलेल्या लग्नाचे जे होते तेच याही सोयरिकीचे होते, आणि परत येणारे कुत्रे प्रत्येक खेपेला अधिक भेदरलेले असते. वर सांगितलेल्या कुत्रीच्या पहिल्या घरी तिचा आजार कोणी सांगितलाच नव्हता. पत्रकाच्या पहिल्या ओळीत आजार लिहावा, दुसऱ्या ओळीत महिन्याचा औषधखर्च, आणि स्वभाव तिसऱ्या ओळीत. पाहायला येणारी माणसे कमी होतील. जी येतील ती टिकतील.

ज्याला खरोखरच न्यायचे आहे त्याने घाई करू नये. ज्या घरात तान्हे मूल आहे, किंवा सर्व माणसे बारा तास बाहेर असतात, त्यांनी मागच्या पायांनी लुळे झालेले कुत्रे नेऊ नये. त्याचे मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून रिकामे करावे लागते. ते काम मागाहून शिकू असे म्हणून भागत नाही. निवाऱ्यात दोन-तीनदा जावे, कुत्र्याच्या उपचारांचा कागद मागून घ्यावा आणि तो आपल्या पशुवैद्याला दाखवावा. शेवटची आकडी कधी आली, औषध कोण देत होते आणि शेवटचे रक्त कधी तपासले, हे विचारावे. मग पंधरा दिवस घरी ठेवून पाहावे. नाही जमले तर दिवसाउजेडी, औषधांसकट, कागदासकट परत आणून द्यावे आणि काय जमले नाही ते निवाऱ्याच्या वहीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या घराला त्याचा उपयोग होईल.