नोंदवहीला अनुदान, शुश्रूषा उपाशी

वृद्धांच्या शुश्रूषागृहांत संगणकीय आरोग्यनोंदी आणावयाच्या तर त्यांच्या चालकांना सरकारने रोख प्रोत्साहन द्यावे, अशी मागणी अमेरिकेत अनेक वर्षे होत आली आहे. वरवर पाहता ती पुरोगामी वाटते. वृद्ध माणूस शुश्रूषागृह आणि रुग्णालय यांच्यामध्ये सतत हेलपाटे घालीत असतो. त्याला कोणती औषधे चालू आहेत हे दोन्हीकडे कळले नाही तर जिवाशी गाठ पडते. तेव्हा नोंद हवीच, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो सार्वजनिक पैसा कोणाच्या तिजोरीत जातो आणि त्याच्या मोबदल्यात समाजाच्या मालकीचे काय होते, याविषयी.

फेब्रुवारी २००९ मध्ये मंदीनिवारणाच्या कायद्यातच अमेरिकन सरकारने या प्रोत्साहनाची तरतूद केली. मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी विम्यातून एकेका डॉक्टरला पाच वर्षांत ४४,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळू लागली. रुग्णालयांना लक्षावधी डॉलर मिळाले. वृद्धांची शुश्रूषागृहे मात्र यादीतून वगळली गेली. तेथे संगणक नव्हते असे नव्हे. प्रत्येक रहिवाशाच्या प्रकृतीचे ठरावीक मूल्यमापन १९९८ पासून तेथून संगणकाद्वारेच सरकारकडे जाते आणि त्यावर मेडिकेअरचे देयक ठरते. म्हणजे ज्या नोंदीवर पैसा मिळतो ती संगणकावर चढली. ज्या नोंदीवर रुग्णाचा जीव अवलंबून, ती ठिकठिकाणी कागदावरच राहिली. नफ्याच्या व्यवस्थेत तंत्रज्ञान कोणत्या दाराने आत येते, हे यावरून उमगावे.

प्रोत्साहनाचे समर्थक रुग्णालयांचा दाखला देतात. २००८ मध्ये दहांतील जेमतेम एका रुग्णालयात प्राथमिक स्वरूपाची तरी संगणकीय नोंद होती. दशकभरात जवळजवळ सर्वांनी ती घेतली. हे खरे आहे. पण खरेदी झाली म्हणजे हेतू साधला असे होत नाही. एका कंपनीच्या यंत्रणेतील नोंद दुसरीच्या यंत्रणेत जाईना. अखेर डिसेंबर २०१६ मध्ये माहिती अडवून ठेवण्यास बंदी घालणारा कायदा करावा लागला. आधी जनतेच्या पैशाने कुलपे विकत घेतली, मग किल्ल्यांसाठी कायदा केला! प्रॅक्टिस फ्यूजन या नोंदप्रणालीच्या कंपनीने तर त्यावरही ताण केली. एका अफूजन्य वेदनाशामकांच्या उत्पादकाकडून पैसे घेऊन तिने डॉक्टरांच्या पडद्यावर त्या औषधांना अनुकूल सूचना झळकवल्या. जानेवारी २०२० मध्ये १४.५ कोटी डॉलर भरून तिने हे प्रकरण मिटवले.

याला पर्याय नव्हता काय? होता, आणि तो सरकारच्याच घरात होता. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून तेथील कर्मचाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी ‘व्हिस्टा’ ही नोंदप्रणाली घडवली. ती सार्वजनिक मालकीची. कोणालाही फुकट मिळण्याजोगी. तिची जोपासना करून ती शुश्रूषागृहांना देता आली असती. प्रत्यक्षात २०१८ मध्ये त्याच खात्याने ‘व्हिस्टा’ काढून टाकण्यासाठी एका खाजगी कंपनीशी सुमारे १० अब्ज डॉलरचा करार केला. नवी यंत्रणा इतकी अडखळली की २०२३ मध्ये पुढील रुग्णालयांत तिचा विस्तार थांबवावा लागला.

आणि नोंद करणार कोण? शुश्रूषागृहांतील बहुतेक काम तुटपुंज्या वेतनावरील परिचारिका-सहायक स्त्रियांच्या खांद्यावर आहे. दर रहिवाशामागे दिवसाला किमान ३.४८ तास शुश्रूषा मिळावी, असा नियम २०२४ मध्ये निघाला. मालकांच्या संघटनेने माणसे मिळत नाहीत, परवडत नाही, असा आक्रोश केला. २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने नियम रद्द ठरवला आणि त्याच वर्षी अमेरिकन संसदेने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखून धरली. जिची कूस बदलायला माणूस नाही, त्या वृद्धेची कूस बदलल्याची नोंद संगणकावर झाली काय आणि कागदावर झाली काय, सारखेच!

हा दूरदेशीचा तमाशा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. भारत सरकारनेही २०२३ पासून डिजिटल आरोग्यनोंदींसाठी प्रोत्साहन योजना सुरू केली. रुग्णालये, प्रयोगशाळा आणि नोंदप्रणाली पुरवणाऱ्या कंपन्या यांना तीत कमाल ४ कोटी रुपयांपर्यंत रक्कम ठेवण्यात आली. दुसरीकडे, ८० वर्षांखालील दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धाच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा २००७ पासून महिना २०० रुपयांवरच अडला आहे. प्रोत्साहन कोणाला आणि संयम कोणी पाळायचा, याची वाटणी येथेही झालीच आहे.

समाजवादी कार्यकर्त्याने संगणकाला विरोध करण्याचे कारण नाही. अनुदानाच्या अटींना हात घातला पाहिजे. जनतेच्या पैशातून घडणारी प्रणाली सार्वजनिक मालकीची हवी. नोंद रुग्णाची, कंपनीची नव्हे, हे कायद्यात असले पाहिजे. आणि शुश्रूषा करणाऱ्या हातांची किमान संख्या व वेतन ठरल्याखेरीज कोणत्याही संस्थेला नोंदीसाठी एक पैसाही मिळता कामा नये. सरकारी आरोग्यसेवेच्या प्रत्येक आंदोलनाच्या मागणीपत्रकात या तीन अटी आता आल्याच पाहिजेत. आज त्या मागितल्या नाहीत, तर उद्या कुलपे पुन्हा आपल्याच पैशाने विकत घेतली जातील.