टेम्पोचा स्वदेशी धडा

मंडईत उतरणारा भाजीपाला असो, गणरायाची मिरवणूक असो की शिबिरस्थानी पोहोचवायच्या सतरंज्या आणि भांडी असोत, महाराष्ट्रात गेली अनेक दशके एकच वाक्य ऐकू येते – ‘टेम्पो सांगा!’ मराठीने हा शब्द इतका आपलासा केला की, ते मुळात हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीच्या वाहनांचे नाव होते, याचे स्मरणही आज फारसे कोणाला नाही. या नावामागचा इतिहास मात्र स्वदेशीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावा असा आहे.

नगरचे (आताचे अहिल्यानगर) नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये ‘बजाज टेम्पो’ उभी राहिली. जर्मन सहकार्याने तीनचाकी ‘हॅन्सीट’ गोरेगावात तयार होऊ लागली. १९६४ मध्ये कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला. साठच्या दशकाच्या अखेरीस तेथून ‘मॅटॅडोर’ बाहेर पडली. बैलगाडी आणि मोठा ट्रक यांच्यामधली पोकळी या बुटक्या, पसरट गाडीने भरून काढली. दूध, भाजी, वऱ्हाडी मंडळी, शाळेची मुले – तिने काय वाहिले नाही? लहान व्यापाऱ्याला ती मोठ्या वाहतूकदाराच्या मेहेरबानीतून सोडविणारी ठरली. दरम्यान जर्मनीतील मूळ कंपनी दुसऱ्या उद्योगात विलीन झाली आणि तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. नाव जगले ते भारतात!

परंतु या कथेला दुसरी बाजूही आहे. परवाना-परमिटच्या राजवटीत स्पर्धाच नव्हती. ग्राहक रांगेत उभा असल्यावर गाडी बदलण्याची निकड कोणाला भासणार? ऐंशीच्या दशकात टोयोटा, निसान, माझदा, मित्सुबिशी या जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह हलक्या मालवाहनांच्या बाजारात उतरल्या, तेव्हा आता देशी उद्योगाची धडगत नाही, असे अनेकांना वाटले. त्यांना खणखणीत उत्तर मिळाले तेही पुण्यातूनच. १९८६ मध्ये टेल्कोने स्वतःच्या अभियंत्यांच्या बळावर ‘४०७’ रस्त्यावर आणली. भारतीय रस्ते, भारतीय ओझे आणि भारतीय मालकाचा खिसा यांची जाण तिच्या रचनेत होती. पुढे २००५ मध्ये आलेल्या ‘एस’ला तर लोकांनीच ‘छोटा हत्ती’ हे नाव बहाल केले.

स्वदेशी म्हणजे दारे-खिडक्या लावून बसणे नव्हे, हेच यातून दिसते. दत्तोपंत ठेंगडी पाश्चात्त्यीकरणाविना आधुनिकीकरणाचा आग्रह धरीत, तो याच अर्थाने. विद्या कोठूनही घ्यावी, पण ती पचवून स्वतःची करावी. उसने घेणे लाजिरवाणे नाही. कायमचे उसनवारीवर जगणे लाजिरवाणे आहे. २००५ मध्ये ‘फोर्स मोटर्स’ झालेल्या त्याच कंपनीत आज मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू यांच्या भारतातील गाड्यांची इंजिने जुळविली जातात. एके काळचा शिष्य गुरुकुलाचा विश्वासू सहकारी झाला आहे. तरी त्या इंजिनांचा आराखडा अजून जर्मनच आहे, हे विसरून चालणार नाही.

हा विसर आज अधिक महागात पडेल. मालवाहू वाहने आता विजेवर धावू लागली आहेत आणि त्यांच्या बॅटरीतील लिथियम सेलसाठी देश मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून आहे. सांगाडा आपला, चाके आपली आणि प्राण मात्र परक्याच्या मुठीत, ही अवस्था कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्राला परवडणारी नाही. सरकारने संरक्षण जरूर द्यावे, पण ते संशोधनासाठी असावे, सुस्तीसाठी नव्हे. उद्योगांनी प्रयोगशाळेवर खर्च करावा आणि बुद्धिमान तरुणांनी परदेशाच्या विमानाबरोबरच आकुर्डी-चाकणच्या रस्त्याकडेही पाहावे. मॅटॅडोरने आपल्याला शिकायला शिकविले, ‘४०७’ने स्वतः घडवायला. पुढचा धडा आता या पिढीने लिहायचा आहे.